रस्त्याचे बारसे

मुंबईत रस्त्याला नाव देण्याचा अधिकार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेकडे सोपवला आहे. रस्ता बांधणे, तो दुरुस्त ठेवणे, त्यावर दिवे लावणे आणि झाडलोट करणे हीसुद्धा त्याच अधिनियमातली कामे. या सगळ्यांत खडी, डांबर, कंत्राटदार आणि पावसाळ्यापूर्वीची मुदत लागत नाही असे काम नामकरण हे एकच. शिवाय ते पहिल्या पावसात वाहूनही जात नाही. हा विषय निघाला की सभागृहात जी उपस्थिती दिसते तिचा उलगडा यातून होतो.

महापालिका अस्तित्वात येण्यापूर्वी जागांची आणि रस्त्यांची नावे ठरावाविनाच पडत. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी झाली ती कोणी सूचक-अनुमोदक नसताना. लोहार राहत ती लोहार चाळ. धोबी ज्या तळ्यावर कपडे धूत तो धोबी तलाव. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून चर्चकडे जाता येई तो चर्चगेट. पुढे लोहार चाळीत विजेचे सामान विकायला आले, तलाव बुजवला गेला, किल्ल्याची तटबंदी दरवाजासकट १८६० च्या दशकात पाडली गेली, तरी नावे जागची हलली नाहीत. अशा नावांचा उगम शोधायला सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराला १९१७ साली अख्खे पुस्तक लिहावे लागले. पुढच्या शेपर्डला तितके श्रम पडणार नाहीत. त्याला सभेचे इतिवृत्त पुरेल.

इंग्रजी अमदानीत नावांची सूत्रे दप्तरात गेली आणि पद्धत फार सोपी झाली. जो गव्हर्नर येईल त्याच्या नावाचा एक रस्ता. हॉर्नबी, नेपियन, ग्रँट, फॉकलंड, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन ही मालिका गव्हर्नरांची. पेडर हे पालिका आयुक्त. कामगिरी काय, हा प्रश्न उपस्थित होत नसे, कारण तो उपस्थित करणाऱ्याची नेमणूकही गव्हर्नरच करत. या काळातला एक व्यवहार मात्र चोख म्हणावा लागेल. माहीमची खाडी ओलांडणाऱ्या कॉजवेसाठी लेडी जमशेटजी यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले, तेही प्रवाशांकडून टोल घ्यायचा नाही या अटीवर. कॉजवेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. पैसे दिले, रस्ता झाला, नाव लागले, असा क्रम मुंबईत त्यानंतर क्वचितच जुळून आला. त्याच खाडीजवळून २००९ साली राजीव गांधी सागरी सेतू सुरू झाला. तिथे नाव नेत्याचे आहे आणि पैसे प्रवाशाचे.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नर उतरवण्याचे काम हाती घेतले गेले. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी मार्ग, पेडर रोडचा डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, वॉर्डन रोडचा भुलाभाई देसाई मार्ग, लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मरीन ड्राइव्हला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले. काही ठिकाणी तर नेम अचूक लागला. पिला हाऊसच्या नाटकशाळांजवळून जाणाऱ्या फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचे नाव देणाऱ्याला लावणी कळत होती. गिरणगावातल्या डिलाईल रोडला कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे नाव देणाऱ्याला मुंबई कळत होती. परंतु असे योग थोडे. एरवी मोठा नेता आणि मोठा रस्ता यांची लांबी-रुंदीवरून सोयरीक जुळवली गेली.

प्रचलित कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे. नगरसेवक पत्र देतो. पत्र वॉर्ड ऑफिसात जाते. तिथे कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन पाहतो की रस्त्याला आधीच नाव आहे काय. बहुधा असते, पण फलकावर गेल्या निवडणुकीपासून कोणाच्या तरी वाढदिवसाचे पोस्टर असल्याने ते दिसत नाही. मग अभिप्राय येतो, विषय समितीच्या विषयपत्रिकेवर चढतो, एकदा तहकूब होतो आणि दुसऱ्यांदा मंजूर होतो. पुण्यात या कामासाठी स्वतंत्र नाव समितीच आहे, कारण तिथे एखादा विषय मतभेदाविना मंजूर होईल हे गृहीत धरता येत नाही. नाव कोणाचे द्यावे याचा निकष नियमांत शोधण्यात अर्थ नाही. तो व्यवहारातून कळतो: ज्या नावाला उघड विरोध करण्याची सभागृहात कोणाची छाती होणार नाही, ते नाव योग्य. म्हणूनच कालवश झालेल्यांना प्राधान्य असते. हयात माणूस पक्ष बदलू शकतो.

जुनी नावे शक्यतो बदलू नयेत, त्याने टपालाचा आणि जनतेचा गोंधळ होतो आणि इतिहासाची जाणीवही हरवते, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने १९७५ सालीच दिलेली आहे. नाव द्यायचे तर नव्या किंवा बिननावाच्या रस्त्याला द्यावे, असा तिचा आशय. सूचना रास्त होती, पण मुंबईत बिननावाचा रस्ता ही दुर्मीळ वस्तू. आदरणीय व्यक्तींची आवक दरवर्षी वाढती आणि रस्त्यांची लांबी जवळजवळ तेवढीच, या पेचातून चौकाचा शोध लागला.

चौक म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा, ही शाळेतली व्याख्या. महापालिकेच्या व्यवहारात दोन गल्ल्या मिळाल्या तरी चौक होतो, एक गल्ली आणि एक पदपथ मिळाला तरी होतो. त्याचा खरा गुण आणखी वेगळा आहे. चौकात कोणाचा पत्ता नसतो. रस्त्याचे नाव बदलले की दुकानदाराला पाटी, परवाना आणि बिलबुक बदलावे लागते, रहिवाशाला रेशनकार्ड. मग हरकती येतात. चौकाचे नाव कोणाच्याच आधार कार्डावर येत नाही, त्यामुळे हरकतही येत नाही. एका रस्त्यावर एक नाव मावते, त्याच रस्त्यावर चौक मात्र नाक्यागणिक मावतात. प्रभागातले ज्येष्ठ कार्यकर्ते, मंडळाचे संस्थापक, एखाद्या नगरसेवकाचे तीर्थरूप, अशा सर्वांची सोय त्यामुळे लागली.

चौकाचा फलक पाहण्यासारखा असतो. कठड्याच्या आत काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरे, वर अर्धगोलात पक्षाच्या रंगाचे काही. सर्वांत ठळक ओळ उद्घाटकाची, ‘यांच्या शुभहस्ते’. त्याखाली प्रमुख उपस्थिती, त्याखाली ‘संकल्पना’ आणि ‘यांच्या प्रयत्नाने’. ज्यांच्या नावाचा चौक आहे ते मधोमध असतात, पण ते कोण होते आणि त्यांनी काय केले हे लिहायला दगड उरलेला नसतो. जन्म-मृत्यूची सालेही नसतात. उद्घाटनाची तारीख मात्र वारासह असते.

इथवर प्रकरण महापालिकेच्या हातात असते. पुढे ते टॅक्सीवाल्याच्या हातात जाते. डॉ. भडकमकर मार्ग सांगितला तर काळी-पिवळीवाला मान वळवून पाहतो. लॅमिंग्टन रोड म्हटले की मीटर पडतो. डिलाईल रोडवरचा पूल पाडून नव्याने बांधला तेव्हा महापालिकेच्या पत्रकांतही तो डिलाईल पूलच होता. नवी नावे रुळली ती आद्याक्षरांत: डी. एन. रोड, एस. व्ही. रोड, एल. बी. एस., एम. जी. स्वामी विवेकानंद आणि लालबहादूर शास्त्री यांचा गौरव व्हावा म्हणून झालेला ठराव बसच्या कंडक्टरने दोन-तीन अक्षरांत उरकला. लांब नावांचे हेच होते हे दिसूनही नावे लांबतच गेली. किनारी रस्त्याला दिलेले नाव ‘धर्मवीर स्वराज्यरक्षक छत्रपती संभाजी महाराज मुंबई किनारी रस्ता (दक्षिण)’ असे आहे. महाराजांना कंसात दक्षिण दिशा जोडण्याची कल्पना कोणाची, हे फलकावर नाही. गाड्या कोस्टल रोडने जातात.

रेल्वेचा कारभार निराळा असल्याने घोळ दुप्पट झाला. सँडहर्स्ट रोड हा रस्ता सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाचा होऊन कैक वर्षे लोटली, तरी स्थानक सँडहर्स्ट साहेबांचेच राहिले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचे डोंगरी, करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव करण्याचा प्रस्ताव मंजूर केला. म्हणजे ठराव न करता पडलेल्या नावांकडे परत येण्यासाठी ठराव करावा लागला.

नामांतराचा एक प्रकार मात्र थट्टेचा नाही. वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो पत्त्यातून जात ओळखली जाण्याविरुद्ध होता, आणि पत्ता बदलण्याचा त्रास सोसावा असे कारण नामांतरामागे असण्याचा हा विरळा प्रसंग. या नावांच्या उद्घाटनाला पुढाऱ्यांची रीघ लागल्याचे चित्र मात्र दिसले नाही.

नाव टिकवण्यासाठी वस्तू आणल्याचेही एक उदाहरण नोंदवले पाहिजे. काळा घोडा येथील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली उचलून राणीच्या बागेत नेला. ही बागही वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाची झालेली आहे, हे ओघाने आलेच. घोडा गेला, परिसराचे नाव काळा घोडाच राहिले. अखेर २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवण्यात आला, पाठीवर कोणीही नसलेला. स्वार कोण असावा यावर मुंबईत एकमत झाले असते तर त्याच्या खाली आणखी एक चौक निघाला असता.

टपाल खात्याने या सर्वांतून आपली सुटका फार पूर्वी करून घेतली. सारखी गावनावे, वेगवेगळ्या भाषा आणि चुकीचे पत्ते यांना कंटाळून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. शब्दांचा इतका लळा असलेल्या माणसाने पत्त्यासाठी आकडे निवडले. पेडर रोड म्हणा किंवा डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग म्हणा, पत्र ४०० ०२६ वरच पोचते. या आकड्याला जयंती नाही, पुण्यतिथी नाही, आणि तो बदलण्याची मागणी करणारे पत्रही आजवर कोणा नगरसेवकाने दिल्याचे ऐकिवात नाही.