किनाऱ्याचे तात्या

शिवरे गावात समुद्राचा वारासुद्धा पोचत नाही. इथं पावसाळ्यात चिखलाचा वास, सुगीला आंबेमोहोराचा, आणि बारा महिने पुणे-सातारा रस्त्यावरच्या डिझेलचा. तरी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत आमचे तात्या बसतात ते थेट किनारपट्टीचे रहिवासी असल्यासारखे. अंगात माडाची झाडं छापलेला शर्ट, खाली पायजमा आणि पायात हॉटेलातल्या टर्किश टॉवेलच्या कापडाच्या पांढऱ्या सपाता. त्या आता पांढऱ्या राहिलेल्या नाहीत. आवणीच्या दिवशी तात्या त्या घालूनच खाचराच्या बांधावर उभे होते.

एकूण भांडवल म्हणाल तर 2 रात्री आणि 3 दिवस. जावयाला कंपनीनं गोव्यातल्या पंचतारांकित हॉटेलाचं बक्षीस दिलं आणि रजा दिली नाही, म्हणून तात्या नि काकू गेले. त्याला आता 6 वर्षं झाली. गोव्याहून येताना लोक काजू आणतात, ते महिन्याभरात संपतात. तात्यांनी गोवाच आणला, तो संपायचं नाव घेत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर त्यांचा खरा दरबार भरतो. पुण्याच्या गाड्या चहाला थांबतात, टपावर सामान, आत टोप्या घातलेली पोरं. तात्या सरळ काचेपाशी जातात. "गोवा का? निपाणी सोडली की आजरा, आंबोली, सावंतवाडी. घाटात रात्रीचं धुकं असतं, गाडी बेतानं. आणि रूम घेताना समुद्राकडची मागा, नाहीतर पार्किंग बघत बसाल." कोणी विचारलेलं नसतं. पण लोक ऐकून घेतात, कारण माडाच्या शर्टातला माणूस अधिकारी वाटतो. गाडी गेली की तात्या आमच्याकडे वळतात, "पुणेकर बिचारे लांबून येतात. आपल्याला गोवा 30 किलोमीटर जवळ!"

मोठ्या हॉटेलांची नवलाई त्यांच्या तोंडूनच ऐकावी. इन्फिनिटी पूल म्हणजे काय हे गावात कोणाला कळेना. तात्यांनी एका वाक्यात सांगितलं, "ज्याचा बांध दिसत नाही असं खाचर." इतकी नेमकी व्याख्या हॉटेलवाल्यांनाही जमलेली नसेल. पुढे म्हणाले, "कडेला उभं राहिलं की वाटतं पाणी समुद्रातच सांडतंय. आपल्याकडं असं सांडलं तर खालच्या शेतवाला कोयता घेऊन येईल."

एका बाबतीत मात्र त्यांचं हॉटेलाशी आजही पटलेलं नाही. खोली दुपारी 2 ला मिळते आणि सकाळी 11 ला सोडायची. "म्हणजे दिवस 21 तासांचा झाला. राहिलेले 3 तास कोणाचे?" हा हिशोब त्यांनी काउंटरवरच्या मुलीला मांडून दाखवला होता. तिनं हसून शहाळं दिलं. तात्या म्हणतात, तिथं भांडता येत नाही. आवाज चढवला की शहाळं येतं.

आग्वादचं त्यांना विशेष. 1612 साली पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला, आणि त्याच्या तटाला लागून 1974 पासून ताजचं हॉटेल. 1983 च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांचे प्रमुख दिल्लीची परिषद मध्येच थांबवून विश्रांतीला गोव्यात आले होते, हे तात्या असं सांगतात की त्यांना न्यायला हेच स्टेशनवर गेले असावेत. स्वतः त्यांनी ते हॉटेल गाडीतूनच पाहिलं. "राजगडावर अडीच तास छाती फोडून चढायचं आणि पद्मावती तळ्याचं पाणी प्यायचं. तिथं गाडी थेट तटापर्यंत!" इतकं बोलून ते चपापतात. भोर तालुक्यात राजगडाला कमी लेखून चहा उधार मिळत नाही. मग घाईघाईनं, "अर्थात तो किल्ला म्हणजे किल्ला. ही आपली सोय."

उन्हात पडलेल्या गोऱ्या लोकांबद्दल ते अजून बुचकळ्यात आहेत. आपल्याकडे उन्हात कुरडया टाकतात, माणसं टाकत नाहीत. काकूंना तर वाटलं, एवढे लोक आजारी कसे! वाळूवरची शॅकं मात्र तात्यांना लगेच कळली. मे संपता संपता मोडायची, पाऊस गेला की पुन्हा उभी करायची. म्हणजे गुऱ्हाळच, फक्त रस वेगळा. तो रस त्यांनी चाखला का, यावर काकूंसमोर चर्चा होत नाही.

समुद्रात किती आत गेलात, हा प्रश्न मी एकदाच विचारला. तात्या भरती-ओहोटीकडे वळले. रोज भरती साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळे वेळ जुळली नाही वगैरे. काकू आतून म्हणाल्या, "घोट्यापर्यंत. तेही माझा हात धरून."

परवा टपरीवर आमचे निवृत्त गुरुजी होते. पाऊस धरून होता, शिवगंगा लाल होऊन वाहत होती. तात्या पाण्याकडे बघत म्हणाले, "आता दोन दिवसांत हे तिकडं. आपलंच पाणी, गुरुजी, कांदोळीला लाटा मारतंय."

गुरुजींनी चहा खाली ठेवला. "कुठलं कांदोळी? शिवगंगा गुंजवणीत, गुंजवणी नीरेत, नीरा नरसिंहपूरला भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात. आपला एक थेंब गोव्याला जात नाही, तात्या."

टपरी शांत झाली. स्टोव्हचा तेवढा आवाज. तात्यांनी सपातेतला चिखल बाकाच्या पायावर झटकला, शर्टाची कॉलर सारखी केली, आणि खुर्ची गुरुजींच्या जवळ ओढली.

"मग गुरुजी, तिकडं आंध्रात हॉटेलं कशी आहेत?"