गूढे यांचा समुद्र

गूढे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सोसायटीनं बहाल केलेलं आहे, आणि त्यांना ते ठाऊक आहे, मनातून आवडतंही. अशी माणसं प्रत्येक इमारतीत असतात. बर्म्युडा ट्रँगलचा चौथा कोपरा त्यांना माहीत असतो. पिरॅमिड कुणी बांधले हे नक्की सांगता येत नसलं, तरी इजिप्तच्या लोकांनी बांधले नाहीत याबद्दल त्यांची खात्री असते. आमचे गूढे मात्र स्पेशालिस्ट. विषय एकच, समुद्राच्या पोटातून येणारे आवाज. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाल्यामुळे आवाज म्हटला की पहिला हक्क आपला, असं ते धरून चालतात. "अहो, आयुष्य लाइनवरची खरखर ऐकण्यात गेलं. खरखर कुठली आणि निरोप कुठला, हे मला नका शिकवू." त्यांचा स्वतःचा समुद्राशी संबंध म्हणाल तर अलिबागला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभं राहण्याइतका. लाट आली की ते मागे सरतात.

त्यांच्याकडे गेलात तर पोह्यांच्या आधी 'ब्लूप' ऐकावा लागतो. ते स्वयंपाकघरातून स्टीलचं रिकामं पातेलं मागवतात, मोबाइल त्यात उभा करतात, म्हणजे आवाज घुमतो. मग बोट ओठांवर. पातेल्यातून बुडबुडा फुटल्यासारखं काहीतरी येतं. आपण काही बोलायच्या आत ते म्हणतात, "परत ऐका."

मूळ हकिकत खरी आहे. १९९७ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेच्या श्रवणयंत्रांना प्रशांत महासागरात एक प्रचंड आवाज सापडला, एकदा नव्हे तर अनेकदा. पाण्याखालचे भूकंप आणि ज्वालामुखी टिपायला ती यंत्रं सोडलेली होती. आवाज दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, पार खाली, जिथे औषधालाही बेट नाही अशा पाण्यातून आला, आणि तिथून पाच हजार किलोमीटरहून दूर असलेल्या यंत्रांनी तो ऐकला. "पाच हजार!" गूढे पातेल्यावर चमचा आपटून सांगतात, "देवमाशाच्या बापाला जमायचं नाही." इथपर्यंत गूढ्यांचं चुकत नाही. कुठल्याही माहीत असलेल्या प्राण्याच्या आवाजापेक्षा तो मोठा होता.

ते सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की पातेल्यात वाजतं ते सोळापट वेगानं वाजवलेलं असतं. खरा आवाज इतका खर्जातला की माणसाच्या कानाला जेमतेम लागावा, आणि चांगला मिनिटभर चालणारा. बुडबुडा आहे तो त्या घाईचा. हे मी त्यांना एकदा बोललो. ते अजिबात डगमगले नाहीत. "म्हणजे मूळ आवाज आपल्यापर्यंत येऊच दिला नाही म्हणा की!" या जातीच्या माणसाशी वाद घालण्यातली अडचण ही आहे. तुम्ही पुरावा द्यायला जाता आणि तो त्यांच्या फायलीत जमा होतो.

त्यांच्या पुतण्यानं त्या फायलीत आणखी भर घातली. लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन लेखकानं १९२८ साली छापलेल्या एका भयकथेत समुद्रात बुडालेलं एक राक्षसी शहर आहे, आणि त्याचे अक्षांश-रेखांशही दिलेत. ते दक्षिण प्रशांतातच पडतात. गूढ्यांनी नकाशा काढला, दोन ठिपके दिले आणि मधे बोटाची दोन पेरं ठेवून दाखवली. "एवढंच!" ती दोन पेरं मुंबई-दिल्लीपेक्षा लांब भरतात, पण श्रद्धेला स्केल लागत नाही.

मग खुलासा आला आणि त्या घरात सुतक पडलं. अंटार्क्टिकाजवळ यंत्रं नेऊन नोआच्या लोकांनी बर्फ ऐकला. २००८ च्या सुरुवातीला साउथ जॉर्जिया बेटाजवळ 'ए-५३ए' नावाचा एक हिमनग फुटत होता, त्याच्या आवाजांचे आलेख ब्लूपसारखेच निघाले. हिमनग तडकतो, हिमनदीचा कडा समुद्रात कोसळतो, तेव्हा हादरा पाण्यात उतरतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. आणि समुद्रात साधारण किलोमीटरभर खोलीवर असा एक थर असतो, की त्यात शिरलेला आवाज वर जाऊ लागला तरी खाली वळतो, खाली जाऊ लागला तरी वर वळतो. त्या बोगद्यातून तो हजारो किलोमीटर जातो, फारसा न थकता.

"बर्फ?" गूढे म्हणाले. "आपल्या फ्रीजमधला बर्फ?"

गूढेवहिनी काही बोलल्या नाहीत. कोकम सरबताचा ग्लास आणला, ट्रेमधले दोन खडे त्यात टाकले आणि ग्लास त्यांच्या कानाशी धरला. खडा कडकन तडकला. "हा घ्या तुमचा ब्लूप. साखर बेताची घातलीय." पाठ्यपुस्तकात इतका नेमका प्रयोग मी पाहिलेला नाही. गूढ्यांनी सरबत प्यायलं, पण मान्य काही केलं नाही.

वाईट याचं वाटतं की खुलासा ही काय बहारीची चीज असते, ते त्यांना कळतच नाही. स्वीडनचंच घ्या. १९८१ साली एक रशियन पाणबुडी कार्ल्सक्रोनाच्या नाविक तळाजवळ खडकावर चढून बसली. सगळ्या जगानं पाहिलं. तेव्हा त्यानंतर पाण्याखाली खुट्ट झालं की स्वीडिश आरमाराचं धाबं दणाणायचं, यात त्यांना हसण्यासारखं काही नाही. तुम्हीआम्हीही हेच केलं असतं. पण एक आवाज पुन्हा पुन्हा यायचा, तव्यावर काहीतरी तळत असल्यासारखा, आणि शोधायला जावं तर पाणबुडी गायब. वर्षानुवर्षं हे चाललं. अखेर १९९६ साली मॅग्नस वालबर्ग आणि हाकान वेस्टरबर्ग या दोघा शास्त्रज्ञांना ती ध्वनिमुद्रणं ऐकवली. निदान निघालं हेरिंग मासे. आपल्या तारलीच्या गोतातले. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला मागून बाहेर पडायला वाट असते, आणि लाखोंचा थवा एकदम हवा सोडू लागला की... आपण काही खाता खाता वाचत असाल, म्हणून इथेच थांबतो. या संशोधनाला २००४ साली इग नोबेल मिळालं.

गूढे ही गोष्ट पाणबुडीपर्यंत रंगून ऐकतात. मासे आले की उठून पाणी प्यायला जातात.

घरातल्या आवाजांत त्यांना गम्य नाही. सोसायटीचा पंप सुरू झाला की त्यांच्याच न्हाणीघरातला पाइप धाडधाड वाजतो, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. विचारलं तर म्हणतात, "प्लंबरला सांगा." पण घरातला आवाजही किती गूढ निघू शकतो ते बघा. सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो म्हणून गाव आहे, तिथे लोक होड्यांवर घरं करून राहतात. १९८० च्या दशकात उन्हाळ्याच्या रात्री त्या होड्यांच्या तळातून असा काही घूंऽऽ आवाज यायचा की झोपेचं खोबरं. कुणी म्हणे जनरेटर, कुणी म्हणे सांडपाण्याचा पंप, कुणी म्हणे लष्कराचे गुप्त प्रयोग, आणि परग्रहवासी तर असतातच. निघाला एक हातभरही नसलेला बेढब मासा. त्याचा नर दगडाखालच्या बिळात बसून पोटातल्या हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू सेकंदाला शंभरेक वेळा थरथरवतो आणि मादीला बोलावतो. गावानं पुढे त्या माशाच्या नावानं उत्सवसुद्धा केला.

"रात्रभर गातो? आणि ती येते?" गूढ्यांनी पहिल्यांदाच रस घेतला.

"येते," वहिनी आतून म्हणाल्या. त्या हे सगळं वाचून बसलेल्या असतात, हे गूढ्यांना माहीत नसतं. "अंडी घालते आणि जाते निघून. पुढे पोरांची राखण तोच करतो."

गूढ्यांचा रस संपला.

लांब जायलाही नको. आपल्याकडची घोळ, ढोमा ही मासळी याच पद्धतीनं पाण्याखाली ढोल बडवते. घोळीच्या ज्या भोताला बाजारात सोन्यासारखा भाव येतो, ती हवेची पिशवी म्हणजेच तो ढोल. समुद्राचं गूढ गूढ्यांनी कित्येक रविवारी ताटात घेतलं, काटे बाजूला काढले आणि वर सोलकढी प्यायली.

एकेक करून त्यांचे बुरूज ढासळले. दक्षिण महासागरात १९६० च्या दशकात पाणबुड्यांवरच्या लोकांना बदकासारखं क्वॅक-क्वॅक ऐकू यायचं; २०१४ मध्ये ते अंटार्क्टिक मिंकी देवमाशाचं निघालं. मरियाना गर्तेजवळ २०१४ साली टिपलेला, घुमून शेवटी टणत्कारणारा चमत्कारिक आवाज दहा वर्षांनी ब्रायडीज देवमाशाच्या नावावर लागला. हा तर त्यांना जिव्हारी लागला, कारण २०१६ च्या जानेवारीत जुहूच्या वाळूवर जो देवमासा आला तो याच जातीचा. गूढे नाकाला रुमाल लावून तो बघायला गेले होते आणि वासामुळे पाच मिनिटांत परतले. "मला काय माहीत हाच तो!" हे वाक्य ते अजून म्हणतात.

सध्या त्यांची सारी मदार 'अपस्वीप'वर आहे. तो नोआच्या यंत्रांना ऑगस्ट १९९१ पासून ऐकू येतो आहे. खालून वर चढत जाणारे सूर, एकामागून एक, प्रशांत महासागराच्या दक्षिण भागातून. आणि वसंत नि शरद ऋतूंत तो जोर धरतो. उगम पाण्याखालच्या ज्वालामुखींच्या टापूत आहे, पण त्याचं नेमकं कारण ठरलेलं नाही. हे 'ठरलेलं नाही' गूढ्यांनी लाल पेनानं अधोरेखित करून ठेवलं आहे. "वर्षातून दोनदा जोर," ते हळू आवाजात सांगतात, "म्हणजे खाली अधिवेशन भरतंय कुणाचं तरी." पातेलं पुन्हा बाहेर आलं आहे, पोहे पुन्हा थंड होऊ लागले आहेत, आणि माणूस दहा वर्षांनी तरुण दिसतो आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणी नोआत असेल, आणि अपस्वीपचं कारण सापडलंच, तर कृपा करून बातमी थेट त्यांच्या फोनवर धाडू नका. आधी वहिनींना कळवा. त्या सरबत करून ठेवतील.