थंडीसाठी उत्पन्नाचा दाखला

आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्स. एकट्या राहणाऱ्या ब्रिटिश म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न याच्या आत असेल तर त्याला थंडी वाजते. एक पेनी वर गेली की वाजत नाही. हा शोध वैद्यकशास्त्राने लावलेला नाही. तो ब्रिटनच्या अर्थखात्याला लागला, २९ जुलै २०२४ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी नव्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ज संसदेत उभ्या राहिल्या आणि आधीचं हुजूर सरकार तिजोरीला २२ अब्ज पौंडांचं भगदाड पाडून गेलंय, असं त्यांनी सांगितलं. भगदाड बुजवायला जे जे हाताशी लागलं त्यात स्टोनहेंजजवळचा एक बोगदा होता, आणि आजी-आजोबांची शेगडी होती. बोगद्याने काही तक्रार केली नाही.

शेगडीचा सरकारी कागदावरचा पत्ता म्हणजे ‘विंटर फ्युएल पेमेंट’, हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी पेन्शनरांना मिळणारा भत्ता. तो सुरू केला गॉर्डन ब्राउन यांनी, १९९७ मध्ये. सुरुवातीला बहुतेकांना २० पौंड, अगदी गरिबांना ५०. पुढे तो घरटी २०० पौंड झाला, ऐंशी ओलांडलेल्यांसाठी ३००. आणि मग मधली काही वर्षं सोडली तर वीस वर्षं तिथेच थांबला. गॅस आणि विजेचे दर मात्र थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वसाधारण घराच्या वर्षभराच्या बिलाची सरकारमान्य पातळी १,७१७ पौंड होती. २०० पौंडांत त्यातला दीड महिनाही निघत नाही. तरीही ज्या घरात नोव्हेंबर उजाडला की आजोबा हीटिंगच्या बटणाकडे आणि आजी आजोबांच्या हाताकडे बघत असतात, तिथे बँकेत न मागता आलेले २०० पौंड म्हणजे बटण दाबायची परवानगी असते.

न मागता, हे महत्त्वाचं. अर्ज नाही, दाखला नाही, रांग नाही. त्यामुळे भत्ता गरिबाला मिळायचा तसा कोट्यधीशालाही मिळायचा. लॉर्ड्सच्या सभागृहात नुसती हजेरी लावली की सभासदांना दिवसाला ३६१ पौंड करमुक्त भत्ता मिळत होता. तिथल्या वयोवृद्धांनाही घरी हे २०० पौंड यायचे. त्यावर कुणी नाक मुरडलं तर चूक नव्हतं. २०१३ मध्ये तेव्हाचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी श्रीमंत पेन्शनरांना ‘गरज नसेल तर परत करा’ असं आवाहनही करून पाहिलं. लोकांनी ते ऐकलं, म्हणजे कानाने ऐकलं.

मग सरकारने थंडी मोजायला घेतली. हा भत्ता स्पेनच्या किनाऱ्यावर ऊन खात बसलेल्या ब्रिटिश पेन्शनरांनाही मिळतो, यावर वर्तमानपत्रं दरवर्षी तापायची. म्हणून २०१५ पासून ‘तापमान चाचणी’ आली. ज्या देशाचं हिवाळ्यातलं सरासरी तापमान नैर्ऋत्य इंग्लंडपेक्षा, म्हणजे ५.६ अंशांपेक्षा जास्त, त्या देशात राहणाऱ्यांचा भत्ता बंद. स्पेन, ग्रीस, पोर्तुगाल, माल्टा गळाले, ते समजण्यासारखं होतं. पण फ्रान्सही गळाला! आल्प्सच्या पायथ्याशी दारातला बर्फ फावड्याने उपसणाऱ्या इंग्रज म्हाताऱ्याला कळेना की आपला देश उष्ण कसा. उत्तर असं होतं की फ्रान्सची सरासरी काढताना त्याचे सातासमुद्रापारचे प्रांतही धरले होते. कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप, हिंदी महासागरातलं रेयुनियाँ, दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना. तिथल्या नारळीच्या झावळ्यांनी आल्प्समधल्या आजोबांची शेगडी विझवली. शेजारचा इटली मात्र थंड ठरला आणि तिथला भत्ता चालू राहिला.

इतकी तयारी झालेल्या सरकारी यंत्रणेला २०२४ मध्ये गरिबी मोजायला दिली.

गरीब कोण? तर ज्याला ‘पेन्शन क्रेडिट’ किंवा तत्सम मदत मिळते तो. पेन्शन क्रेडिट ही उत्पन्न कमी असलेल्या वृद्धांसाठीची पूरक रक्कम, आणि तिची एकट्या माणसासाठीची तेव्हाची रेघ म्हणजेच ते २१८ पौंड १५ पेन्स. (अपंगत्व, घरभाडं वगैरेंचे जोडहिशेब वेगळे, ते उलगडायला दुसरं सदर लागेल.) गंमत म्हणजे नव्या पद्धतीची पूर्ण सरकारी पेन्शन त्या वर्षी होती आठवड्याला २२१ पौंड २० पेन्स. म्हणजे पस्तीस वर्षं इमानेइतबारे राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरणारी, दुसरं कसलंही उत्पन्न नसलेली बाई तीन पौंड पाच पेन्सने श्रीमंत निघाली. लंडनमध्ये तेवढ्यात एक कॉफी येते. तीही आठवड्यातून एकदाच प्यायची, कारण वर्षाला २०० पौंड गेलेले आहेत.

रेघेच्या आत असलेल्यांचं तरी भलं झालं का? त्यांच्यापुढे आला अर्ज. त्यात २४३ प्रश्न. सगळे सगळ्यांना लागू नसतात हे खरं, पण कुठले लागू नाहीत हे कळायला सगळे वाचावे लागतात. आपल्याकडे तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घातलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेला, पन्नास रुपयांत फॉर्म भरून देणारा देवमाणूस नसतो. फोन करा म्हणतात, आणि फोनवर संगीत लागतं.

सरकारच्याच अंदाजाप्रमाणे हक्क असूनही पेन्शन क्रेडिट न घेणारी कुटुंबं ८ लाख ८० हजारांपर्यंत होती. काहींना योजना माहीत नव्हती, काहींना अर्ज झेपत नव्हता, आणि बऱ्याच जणांना हात पसरायची लाज वाटत होती. ही लोकं न मागून तिजोरीचे वर्षाला जवळपास दोन अब्ज पौंड वाचवत होती. भत्ता छाटून वाचणार होते १ अब्ज ४० कोटी. आता मंत्री जाहिराती करू लागले की अर्ज करा, शेजारच्या आजींनाही सांगा, २१ डिसेंबरच्या आत करा. सगळ्या आजींनी खरंच ऐकलं असतं तर बचतीचं दिवाळं वाजलं असतं. सोळा आठवड्यांत दीड लाखाच्या आसपास अर्ज आले तेव्हा अर्थखात्याने हसावं की रडावं, हा प्रश्न २४४ वा.

दरम्यान याच सरकारचं आरोग्य सुरक्षा खातं दर हिवाळ्याप्रमाणे सांगत होतं की वृद्धांनी राहत्या खोलीचं तापमान किमान १८ अंश ठेवावं. भिंतीवर थर्मोस्टॅट असतो, त्यावर १८ लावता येतात. पण त्याच्याच जवळ स्मार्ट मीटरची छोटी पाटी असते आणि तिच्यावर आज आतापर्यंत किती पौंड जळले ते दिसत असतं. ब्रिटनमधली कितीतरी घरं शंभर वर्षांपूर्वीची, ओल धरलेली, खिडक्यांच्या फटीतून वारा आत घेणारी. तिथे एकटं माणूस काय करतं तर बाकीच्या खोल्यांचे रेडिएटर बंद करून एकाच खोलीत बसतं, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, स्वेटरवर स्वेटर, आणि संध्याकाळी सातला अंथरुणात. काही जण दिवसभर वाचनालयात जाऊन बसतात. वाचनाची आवड वाढली, असं कुठल्या मंत्र्याने अजून म्हटलेलं नाही, पण म्हणायला हरकत नाही, कारण या बाबतीत परंपरा मोठी आहे. २०२२ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगण्यात आलं की ७७ वर्षांच्या एक बाई बिल परवडत नाही म्हणून दिवसभर बसमधून फिरतात. जॉन्सन यांनी लगेच आठवण करून दिली की वृद्धांचा चोवीस तासांचा मोफत बसपास आपणच सुरू केला.

राज्यकर्त्यांना थंडीची झळ लागत नाही असं नाही. २०१३ मध्ये नदीम झहावी या खासदारांच्या वीजबिलाच्या सरकारी भरपाईत त्यांच्या घोड्यांच्या तबेल्याचीही वीज निघाली. चूक झाली म्हणत त्यांनी पैसे परत केले. पुढे २०२२ मध्ये ते दोन महिने देशाचे अर्थमंत्रीही झाले. आणि २०२४ च्या सप्टेंबरात, भत्त्यावरून रण माजलेलं असतानाच, देशाला कळलं की पंतप्रधान कीर स्टार्मर यांना लॉर्ड अली या धनिक लॉर्डांकडून १६ हजार पौंडांचे कपडे आणि जवळपास अडीच हजारांचे चष्मे भेट मिळाले होते. नियमांत बसवूनच, नोंद करूनच. तरीही म्हाताऱ्यांना ‘अंगावर आणखी एक स्वेटर चढवा’ म्हणण्याचा तो मुहूर्त नव्हता.

१० सप्टेंबरला संसदेत मतदान झालं. ३४८ विरुद्ध २२८ असा सरकारचा विजय झाला. मजूर पक्षाच्या जॉन ट्रिकेट या एकाच खासदाराने सरकारविरुद्ध मत दिलं. पन्नासहून जास्त जण मतदानाला दिसलेच नाहीत. काहींना रीतसर रजा होती, काहींच्या पोटात दुखत असावं. विरोधात घसा फोडणाऱ्या हुजूर पक्षानेच २०१७ च्या जाहीरनाम्यात हा भत्ता उत्पन्न पाहून द्यायचं ठरवलं होतं. तेव्हा मजूर पक्ष म्हणत होता की यामुळे चार हजार वृद्धांचे जीव जाऊ शकतात. सात वर्षांत बाकं बदलली आणि चार हजारांचा आकडा कुठल्याशा कपाटात गेला.

या खेपेला परिणामांचा सविस्तर अभ्यास करायच्या फंदातच सरकार आधी पडलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये, विचारल्यावर, खात्याने अंदाज दिला की यामुळे ५० हजार जास्तीचे पेन्शनर दारिद्र्यात जातील, काही वर्षी १ लाख. हे आकडे जवळच्या ५० हजारांत पूर्णांक करून दिलेले होते. म्हाताऱ्याचं उत्पन्न पेनीपर्यंत मोजायचं, आणि त्या मोजणीने गरीब होणारी माणसं पन्नास-पन्नास हजारांच्या गठ्ठ्याने.

थंडीचेही असेच गठ्ठे आहेत. गरिबांसाठी ‘कोल्ड वेदर पेमेंट’ म्हणून २५ पौंडांची वेगळी मदत असते. ती मिळायला तुमच्या भागाशी जोडलेल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली असावं लागतं. पाच दिवस हाडं गोठवून शेवटच्या दोन दिवसांच्या उबेने सरासरी शून्याच्या वर नेली तर गेले पंचवीस पौंड.

उमेदीची वर्षं ब्रिटनमध्ये काढून निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईला परतलेल्यांनी ही सगळी मजा लांबून पाहिली. त्यांना हा भत्ता कधीच लागू नव्हता, आणि पुण्याच्या थंडीत तो मागणं शोभलंही नसतं. पण ब्रिटिश कायद्याने भारतात राहणाऱ्याच्या सरकारी पेन्शनला वार्षिक वाढही मिळत नाही. पहिल्या दिवशी जी रक्कम, ती शेवटपर्यंत. पुण्यात बर्फ पडत नाही, तरी पेन्शन गोठते.

पुढची गोष्ट झटपट घडली, कारण तिच्यात मतं होती. ज्यांचं काढून घ्यायला सोपं वाटलं तेच लोक मतदान केंद्रावर सकाळी सातला काठी टेकत हजर असतात, हे अर्थखात्याच्या तक्त्यात नव्हतं. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाचं पानिपत झालं. रनकॉर्नची हुकमी संसदीय जागा पोटनिवडणुकीत अवघ्या सहा मतांनी गेली. ज्या उमेदवारांनी दारोदार फिरून प्रचार केला ते सांगत होते की प्रत्येक दारात एकच विषय. २१ मे रोजी स्टार्मर यांना देशाची अर्थस्थिती सुधारल्याचं जाणवलं आणि ९ जूनला नवी रेघ आली: वर्षाला ३५ हजार पौंड. तिच्या आतल्या सगळ्यांना भत्ता, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ९० लाखांना. १ अब्ज ४० कोटींची बचत घटून ४५ कोटींवर आली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यातही कोंबडी अर्ध्याहून अधिक परत केली.

खरं तर हीच रेघ पहिल्या दिवशी ओढली असती तर कोट्यधीशांचे २०० पौंड गेले म्हणून कुणी रडलं नसतं. पण नव्या रेघेलाही जुनी खोड आहेच. ती माणशी आहे, घराची नाही. नवरा-बायको दोघांना ३४-३४ हजार असतील तर त्यांचा भत्ता शाबूत. शेजारच्या विधवेला ३५ हजार एक पौंड असतील तर तिचा सगळा परत.

परत कसा? तर आधी सगळ्यांच्या खात्यात भरायचा आणि मग वरच्यांकडून प्राप्तिकर खात्याने वसूल करायचा. ज्यांना ही देवघेव नको, त्यांनी भत्ता नाकारण्यासाठी आधीच कळवावं, अशी सोय सरकारने केली. श्रीमंतांनाही अखेर अर्ज मिळाला. बाकीच्यांनी काहीही करायचं नाही, पैसे आपोआप येतील, असं सरकार घसा कोरडा करून सांगत राहिलं, कारण तोवर ठगांचे एसएमएस सुरू झाले होते: हिवाळी भत्त्यासाठी आजच अर्ज करा, सोबत लिंक. ठगांना फक्त नाव-पत्ता आणि बँकेचा तपशील हवा होता. बाकीचे २४० प्रश्न त्यांनी काढून टाकले होते.