घरचा गाईड

गाडी चालवता चालवता माहिती सांगणं ही एक कला आहे आणि ती मला येते. डोळे रस्त्यावर, डावा हात गिअरवर, आणि आवाज असा लावायचा की कानात इअरबड खुपसून मागे बसलेल्या पोरालाही सुटका नसावी. पुण्याहून ताडोबाला जायला विमानाने नागपूर गाठता येतं, रेल्वेही आहे. पण विमानात माहिती सांगायचं काम आधीच हवाईसुंदरीकडे असतं. म्हणून गाडी. घरच्यांना अर्थात मी कारण वेगळं दिलं: "वाटेत किती बघण्यासारखं आहे!" त्यावर बायको आणि मुलगी यांनी एकमेकींकडे जे पाहिलं, ते मला आरशात दिसलं.

वाघोलीच्या कोंडीत श्रोते आयतेच अडकलेले असतात. तिथेच मी पहिली माहिती सोडली: एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला याच रस्त्याने पुण्याहून नगरला गेली. "तीसुद्धा इथेच अडकली असेल," आई म्हणाली. आईचं वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि माझ्या माहितीबद्दल तिला आदर कसा तो नाही. याला कारण एवढंच, की तिने मला उजळणी चुकताना पाहिलेलं आहे.

तसं पाहिलं तर नगर रस्त्यावर मला बोलायचं असतं ते रसवंतीबद्दल. उन्हाळ्यात कुठल्याही हमरस्त्याने पाट्या वाचत जा. नवनाथ रसवंती गृह. कानिफनाथ रसवंती गृह. मग जय नवनाथ, श्री कानिफनाथ, आणि दोघांचं जमलं असेल तर नवनाथ-कानिफनाथ. लोकांना वाटतं हा योगायोग आहे. योगायोग कसला? याचं मूळ पुरंदर तालुक्यात, सासवडच्या अलीकडे बोपगावात आहे. तिथे डोंगरावर कानिफनाथांचं देऊळ आहे. आत जायची वाट इतकी अरुंद की सरपटतच शिरावं लागतं. त्या भागातली माणसं रसाच्या धंद्यात उतरली, राज्यभर पांगली आणि जाताना दैवताचं नाव बरोबर घेऊन गेली. ना मुख्यालय, ना जाहिरात, आणि तरी सगळीकडे एकच पाटी! व्यवस्थापनाच्या वर्गात हे का शिकवत नाहीत, हा प्रश्न मी शिरूरपर्यंत विचारत होतो.

आणि घुंगरं. पूर्वी लाकडी चरकाला बैल जुंपलेला असायचा. तो गोल फिरला की गळ्यातली घुंगरं वाजायची. रस निघतोय हे रस्त्याला कळायचं. पुढे बैल गेला, वीज आली, लोखंडी रूळ आले. घुंगरं मात्र राहिली. यंत्राच्या चाकाला बांधली. यंत्राला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण ती वाजल्याशिवाय आपल्याला तहान लागत नाही. यावर मी एक मोठा लेख लिहिणार आहे. (बायको म्हणते, "लिहून टाका एकदाचा, म्हणजे बोलायचे तरी थांबाल.") नाथ नऊ आहेत, गोरक्षनाथ आहेत, रेवणनाथ आहेत, पण चरपटीनाथ रसवंती गृह मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. हा अन्याय मी बोलून दाखवला तेव्हा आई म्हणाली, "त्यांना रस बाधत असेल." मग मुलांनी पैजा सुरू केल्या: पुढची पाटी कोणाची? आई दर वेळी 'नवनाथ' म्हणायची आणि दर वेळी जिंकायची. नेवाशाच्या अलीकडे आम्ही एकदाचे थांबलो. चिपाड दुमडून मध्ये लिंबू आणि आल्याचा तुकडा ठेवून ते पुन्हा रुळांत कसं घालतात, हे मी मुलाला जवळ नेऊन दाखवलं. त्याने त्या चिपाडाचा फोटो काढला, माझा नाही.

जालन्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि माझा धंदाच बसला. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, ताशी 120 चा वेग, आणि कडेला एक रसवंती नाही. सांगायचं तरी काय? "वर बघा, प्राण्यांना ओलांडायला बांधलेला पूल!" म्हणेपर्यंत पूल मागे गेलेला असतो. म्हणून सिंदखेडराजाला मी गाडी बाहेर काढलीच. लखुजी जाधवांच्या वाड्यात मात्र मला बोलावं लागलं नाही. जिजाऊंचं जन्मस्थान म्हटल्यावर आईने पायातल्या चपला आपण होऊन बाहेर काढल्या, आणि तिचं बघून मुलांनीही.

लोणारला मी पूर्ण तयारीने गेलो होतो. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली नोंद. जून 2020 मध्ये पाणी अचानक गुलाबी झालं ते खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि हे शोधलं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने. यातलं 'पुण्याच्या' मी शेजारच्या कुटुंबालाही ऐकू जाईल असं म्हटलं.

"गुलाबी कुठाय?" मुलगा.

"आता नाही."

"मग आलो कशाला?"

खाली उतरायला आई तयार नव्हती. "खड्डाच आहे ना? वरनं दिसतो की," म्हणाली आणि कठड्याशी बसून शेंगा सोलायला लागली. एवढ्या मोठ्या उल्केने इतक्या लांबून येऊन काय मिळवलं, असं मला क्षणभर वाटून गेलं.

पुढे वर्धा, वरोरा, आणि चंद्रपूरचं ऊन. त्या उन्हाबद्दल माहिती द्यावी लागत नाही.

मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सीत बसलो आणि पुढच्या सीटवर आमची गाईड येऊन बसली. जवळच्याच गावातली मुलगी, खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण. मी तिला लगेच सांगितलं की ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 चं. "हो जी," ती म्हणाली, आणि त्यानंतर अख्ख्या फेरीत माझी गरज कोणाला पडली नाही.

तिने ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवली. पांढऱ्या खोडाचं कडईचं झाड दाखवलं, चांदण्यात चमकतं म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. आई पुढे सरकून ऐकत होती! प्रश्न विचारत होती! मोहाची फुलं वाळवतात कशी, किती दिवस टिकतात, अस्वलाच्या आधी वेचायला पहाटे किती वाजता निघावं लागतं. मग रस्त्याच्या कडेचे जुने दगडी खांब आले. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवून घंटा बांधलेल्या असत आणि राजाचा निरोप घंटा वाजवत पुढे जाई असं सांगतात, ती म्हणाली. घंटा ऐकताच माझ्याच्याने राहवेना. "म्हणजे बघा, आपल्या चरकाच्या घुंगरांसारखंच..."

"अरे, तिला बोलू दे," आई म्हणाली.

एवढ्यात चितळाचा कॉल आला. एका वळणावर जिप्सींची रांग लागलेली. बांबूच्या बेटात वाघीण होती. दोन टोप्यांच्या फटीतून मला तिच्या पाठीचा वीतभर पट्टा दिसत होता. मी सीटवर चढलो. मोबाईलला बंदी, म्हणजे पुरावा मिळणार नव्हता. निदान डोकं तरी दिसायला हवं होतं. नखशिखांत जंगली रंगाचे कपडे घातलेला एक गृहस्थ बाजूच्या गाडीतून चालकाला म्हणत होता, "थोडं पुढे घे ना, पैसे भरलेत." मागच्या गाडीने पुढे घुसायला इंजिन सुरू केलं. धूर, कुजबुज, लहान मूल रडतंय, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ते जनावर उन्हाने धापा टाकत पडलेलं.

"बसून घ्या जी," गाईड मला म्हणाली. आईने शर्ट धरून ओढलं. बसलो.

"आम्ही पुढे नाही घेत," ती आईला हळूच सांगत होती. "वाघ नाही दिसला तर लोक आमच्यावर चिडतात. गाडी जवळ नेली तर काम आमचंच जाते." ती उगाच बोलत नव्हती. 2024 च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात एका वाघिणीला बछड्यांसकट गाड्यांनी कोंडलं. त्याची चित्रफीत फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, आणि चालक-गाईड निलंबित झाले. ज्यांना डोकं दिसायला हवं होतं, ते घरी जाऊन फोटो दाखवत बसले असणार. मला रस्त्यात, रांगेत, देवळात, कुठेही न चिडणारा माणूस समजतात. त्या जंगली कपड्यांतल्या गृहस्थावर मात्र मी मनातून भयंकर चिडलो, आणि तो माझ्याहून फक्त एक सीट उंच होता.

गेटवर परतताना समोरच्या गाडीने विचारलं, "काय दिसलं?" मी तोंड उघडायच्या आत आईने यादी सुरू केली: सात गवे, मोर, रानकुत्री, घोरपड, ऐन, कडई, मोह. "आणि वाघ?" "होता एक," आई म्हणाली. "आजारी माणसाला बघायला यावं तशी गर्दी."

सोसायटीत मी तो वीतभर पट्टा हळूहळू लांबवत नेला. आता तो शेपटीपर्यंत पोचला आहे, आणि परवा वाघिणीने माझ्याकडे वळून पाहिल्याचं आठवलं.

त्रास मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. निघताना आईने त्या मुलीचा नंबर घेतला. आता काही विचारायचं असलं की आई मोहर्लीला फोन लावते. काल गॅलरीसमोरच्या पिंपळावर कुठलासा पक्षी एकसारखा टुक-टुक करत होता. आईने फोन बाहेर धरून आवाज ऐकवला. "तांबट आहे जी आजी," पलीकडून उत्तर आलं.

मी शेजारच्याच खुर्चीत पेपर वाचत होतो. तांबट मला माहीत होता. कोणी विचारलं नाही.