आगाऊ भरलेलं आजारपण

तुम्ही चहा घ्या, मी मुद्द्यावर येतो. पैसे गेल्याचं दुःख नाही, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून म्हणतो. माझा मुद्दा तत्त्वाचा आहे. ज्या मालाचे पैसे मी आगाऊ मोजले, तो माल मला अजून मिळालेला नाही. माल म्हणजे आजारपण.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. माझी बायको ब्रिटिश नागरिक, इथे इंग्लंडात सरकारी रुग्णालयात नर्स. मी मूळचा मिरजेचा, लग्न करून तिच्यामागून आलो. इथली आरोग्यसेवा १९४८ साली अन्यूरिन बेव्हन या मंत्र्याच्या कारकिर्दीत सुरू झाली. डॉक्टरकडे जाताना माणसाला खिशात हात घालावा लागू नये, हे तिचं ब्रीद. ते आजही काटेकोर पाळलं जातं. डॉक्टरकडे जाताना मला खरोखरच खिशात हात घालावा लागत नाही. व्हिसाच्या वेळीच तो रिकामा करून घेतलेला असतो.

याला आरोग्य अधिभार म्हणतात. २०१५ साली सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. मग ४०० झाला, मग ६२४, आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. आता नवरा किंवा बायको म्हणून बाहेरून येणाऱ्याला पहिला व्हिसा मिळतो ३३ महिन्यांचा. अधिभार मात्र ३६ महिन्यांचा, कारण सहा महिन्यांहून मोठा तुकडा हा अख्खं वर्ष समजावा, असा नियम आहे. झाले ३,१०५ पौंड, एकरकमी. रुपयांत किती होतात ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणजे बघा, जे तीन महिने माझ्या व्हिसात नाहीतच, त्या तीन महिन्यांतल्या संभाव्य सर्दीचे २५८ पौंड ७५ पेन्स सरकारजमा आहेत. ती सर्दी मला नेमकी कुठे व्हावी अशी अपेक्षा आहे, याचा खुलासा नियमात नाही.

त्यात भारतातून येणाऱ्याला क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. मान्यताप्राप्त दवाखान्यात जाऊन मी छातीचा एक्स-रे काढला. म्हणजे एकाच अर्जात मी सरकारला पुराव्यानिशी पटवलं की मी धडधाकट आहे, आणि त्याच अर्जात पुढच्या तीन वर्षांच्या दुखण्यांचे पैसे भरले. दोन्ही गोष्टी विनातक्रार स्वीकारण्यात आल्या.

इथे आल्यावर नोकरी लागली. पगारातून आयकर कापतात, राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापतात. ही आरोग्यसेवा चालते ती मुख्यतः अशाच पैशावर. म्हणजे माझ्या एका खोकल्याचे पैसे मी दोनदा भरतो. मी तक्रार करत नाहीये, फक्त नोंद करून ठेवतोय.

आता खरी मेख ऐका. माझी बायको मिरजेहून नर्सच्या व्हिसावर आली असती, तर तिला अधिभार माफ होता. तिच्यासोबत आलेल्या नवऱ्यालाही माफ होता. ती इथली नागरिक आहे, काम तेच करते, रात्रपाळ्या त्याच करते; पण तिचा नवरा पैसे भरतो. मी हे तिला एकदा जेवताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग मिरजेची करायची होतीस." याला उत्तर नसतं.

तर वसुलीच्या दृष्टीने पहिलं पाऊल म्हणून दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो. नियम असा, की नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. हा नियम मला पाठ होता. खिडकीतल्या बाईंना तो पाठ नव्हता. त्यांना विजेचं बिल हवं होतं. वीज बायकोच्या नावावर, पाणी बायकोच्या नावावर, कौन्सिलचा करही तिच्याच नावावर. मिरजेत रेशनकार्डावर माझं नाव आहे, पण ते काढून दाखवण्याची वेळ ती नव्हती. व्हिसा दाखवू म्हटलं तर तोही आता कागदावर नसतो, तो असतो इंटरनेटवर. ज्या माणसाचे ३,१०५ पौंड सरकारला सापडतात, तो माणूस मात्र सापडत नाही.

अखेर नाव लागलं. मग खोकला झाला. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डॉक्टरची वेळ हवी तर सकाळी ८ वाजता फोन करायचा. त्याच वेळी सगळं गावही फोन करतं. आपला क्रमांक सांगतात आणि संगीत लावतात. क्रमांक हलला की आशा पालवते, तेवढ्यात आजच्या वेळा संपतात. एकदा लागला फोन, तर बाईंनी आधी खोकल्याची सविस्तर चौकशी केली आणि मला औषधाच्या दुकानात पाठवलं. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडात सात दुखण्यांवर औषधवालाच उपचार करतो. कान, घसा, सायनस, नागीण, चिघळलेला कीटकदंश, असे काही प्रकार. खोकला यादीत नाही. इथल्या हवेत मला धड चावायला किडाही मिळत नाही. बरं, डॉक्टरने औषध लिहून दिलं असतं, तरी इंग्लंडात दर औषधामागे ९.९० पौंड वेगळे. स्कॉटलंडात फुकट, वेल्समध्ये फुकट. बायकोला बदली घेतेस का विचारलं. तिने ऐकलं नसावं.

आई दर रविवारी फोनवर विचारते, डॉक्टरला दाखवलंस का? मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरलाच लागतो, आणि तो डॉक्टर त्याच दिवशी तुम्हाला तपासतो. हे तिला कसं समजावणार?

शेवटी मी रीतसर आजारी पडलो. चांगला १०२ ताप, अंग मोडून आलेलं, सगळं जसं हवं तसं. पडलो कधी, तर गुड फ्रायडेला. शुक्रवार सुटी, शनिवार-रविवार बंद, सोमवारी ईस्टरची सुटी. आरोग्यसेवेच्या १११ नंबरला फोन केला, तर भरपूर पाणी प्या, आराम करा, पॅरासिटामॉल घ्या. हे बायको मला सकाळपासून सांगत होती, आणि तिच्या सांगण्यावर अधिभार नाही. मंगळवारी दवाखाना उघडला तेव्हा मी ठणठणीत होतो.

पैसे परत मिळण्याची सोय आहे का, तेही वाचून काढलं. व्हिसा नाकारला तर परत मिळतात. व्हिसा मिळाला आणि तुम्ही देश लवकर सोडला, तर नाहीत. नुसतेच निरोगी राहिलात, तर त्यासाठी रकानाच नाही. अहो, सांगली-मिरजेची साधी खानावळसुद्धा महिन्याचे खाडे धरते! आणि हे राष्ट्रीय पातळीवरचं खातं, त्याला माझे धडधाकट दिवस वजा करता येऊ नयेत?

आता लवकरच व्हिसाची मुदत वाढवायची आहे. आणखी ३० महिने, २,५८७ पौंड ५० पेन्स. पाच वर्षांनी कायम राहण्याची परवानगी मिळाली, की अधिभार बंद. म्हणजे खरी दुखणी सुरू व्हायच्या वयात सगळं फुकट, तेव्हा त्यात वसुलीचं समाधान कुठलं? जे काही व्हायचं ते या ३० महिन्यांतच होणं गरजेचं आहे. बायकोपुढे मी तसा आराखडाही मांडला: सुरुवात दातांपासून, अक्कलदाढ थोडी कुरकुरतेच आहे.

तिने शांतपणे सांगितलं, दातांचे पैसे वेगळे पडतात.