210 वरून 160 वर

बोईसरच्या आमच्या जिममध्ये पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं नाव 'काका' आहे. त्यामुळे ट्रेनर "काका, पाठ सरळ!" असं ओरडला, की चार पाठी एकदम सरळ होतात.

पूर्वी मी खांद्यावर बारबेल घेऊन पार खालपर्यंत बसायचो. आता मागे बाकडं असतं. डंबेल छातीशी धरायचं, तीन मोजत बूड टेकवायचं आणि उठायचं. उठताना गुडघा कटकट वाजतो. नुसता वाजला तर वाजू द्यायचा, दुखला तर थांबायचं. डेडलिफ्टची दांडी जमिनीवरून उचलणं बंद. खाली प्लेटा रचून ती नडगीपर्यंत वर आणून ठेवली आहे. म्हणजे वाकायचं थोडं, कण्हायचं मात्र पूर्वीइतकंच. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर उत्तम, सांध्यात कळ आली तर वजन कमी. एवढाच आमचा अभ्यासक्रम.

यात कमीपणा कसला? आमच्या गावाला याची सवय आहे. इथून जवळच असलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली सुरू झाल्या, तेव्हा त्या प्रत्येकी 210 मेगावॉटच्या होत्या. पुढे स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या. म्हणून कोणी भट्ट्या भंगारात काढल्या नाहीत. 160 वर आणल्या आणि 2020 पर्यंत चालवल्या. मीही तेच केलं. कोणी विचारलं "काका, किती मारता?", तर आकडा मात्र मूळ क्षमतेचा सांगतो.

अमेरिकेत 1990 साली नव्वदीतल्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हे मी शेजारच्या काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. "म्हणजे आपल्याला अजून घाई नाही," असं म्हणून ते गेले, ते पुन्हा फिरकलेले नाहीत.

मला मात्र फरक जाणवतो. डहाणू लोकल पकडायला स्टेशनचा जिना आता कठडा न धरता चढतो. ही बातमी अजून घरी पोचू दिलेली नाही. घरी गुडघा अधिकृतरीत्या आजारी आहे, आणि वाडा कोलमची गोण दुकानातला पोऱ्याच वर आणून देतो.