लाउंजचे मानकरी

पूर्वी प्रत्येक नांदत्या गावात काही घराणी मानकऱ्यांची असत. पालखीला पहिला खांदा कोणी द्यावा, देवीच्या नैवेद्याचे ताट कोणाच्या घरून यावे, पोळ्याच्या मिरवणुकीत कोणाची जोडी पुढे असावी, अशा प्रश्नांवरून मामलेदार कचेरीपर्यंत तंटे जात, आणि निकालाची नक्कल बासनात गुंडाळून पिढ्यान्‌पिढ्या जपली जाई. त्या मानातून पोटाला काही मिळत होते असे नाही. मिळालाच तर एक नारळ आणि एक पानाचा विडा मिळे. परंतु तो नारळ हुकला म्हणून सख्खे चुलते एकमेकांच्या घरचे पाणी प्यायचे थांबले, अशी उदाहरणे आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (आम्ही जुनी माणसे सवयीने अजून नगरच म्हणतो) शोधायला दूर जावे लागत नाही. पुढे वतने खालसा झाली, कुळकर्ण्यांची दप्तरे तलाठ्याकडे गेली. मानाची भूक मात्र कोणत्याही कायद्याने खालसा झाली नाही. शिर्डीत तिला नवे क्षेत्र सापडले ते विमानतळावरील एका काचेच्या दारामागे.

आमचे मानकरी नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका लॉजचे मालक आहेत आणि गाव त्यांना शेठ म्हणते. वडिलांच्या हयातीत त्या जागी पेरूची बाग होती. भाविकांची वर्दळ वाढत गेली तसा झाडापेक्षा खोलीला भाव आला, आणि ज्या जमिनीत पूर्वी पेरू धरत होते त्या जमिनीत चार मजले उभे राहिले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी, साईबाबांच्या समाधीचे शताब्दी वर्ष तोंडावर आले असताना, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते काकडी येथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मुंबई व हैदराबादची विमाने सुरू झाली, तेव्हा शेठनी त्या घटनेकडे केवळ गिऱ्हाईक वाढण्याची संधी म्हणून पाहिले. आपणही त्यात बसू शकतो हा विचार त्यांच्या मनात बऱ्याच उशिराने आला, आणि तो आणून देणारा मनुष्य बँकेचा होता. गळपट्टा लावलेला तो तरुण लॉजच्या काउंटरवर आला, पाणी प्यायला, बाबांच्या तसबिरीला नमस्कार केला, आणि म्हणाला, "शेठ, कार्ड घ्या. विमानतळावर लाउंज फुकट आहे."

'फुकट' या शब्दाने शिर्डीचा व्यापारी सहसा फसत नाही, कारण तो शब्द तो स्वतः दिवसातून अनेक वेळा गिऱ्हाइकांपाशी उच्चारीत असतो. शेठ फसले ते पुढच्या वाक्याने. "सगळ्यांना नाही," तो तरुण म्हणाला, "निवडक लोकांनाच."

आज त्यांच्या पाकिटात कार्डांची अशी चळत आहे की त्या पाकिटावर बसले असता शेठ एका बाजूस किंचित कलतात. प्रत्येक कार्डाची सनद त्यांना मुखोद्गत आहे. कोणत्या कार्डावर देशांतर्गत प्रवेश तिमाहीला दोन, कोणत्यावर एक, कोणत्यावर सोबतच्या माणसाचे वेगळे पैसे पडतात, कोणते कार्ड 'रुपे'चे आणि कोणते 'व्हिसा'चे, हे ते एखाद्या मुरलेल्या अव्वल कारकुनाच्या निर्विकार तत्परतेने सांगतात. आणि मुलाच्या बारावीच्या विषयांची यादी विचारली असता बायकोकडे पाहतात. २०२३ व २०२४ या वर्षांत बऱ्याच बँकांनी अटी कडक केल्या. मागच्या तिमाहीत ठरावीक रक्कम, कोठे पस्तीस हजार, कोठे पन्नास हजार तर कोठे लाख, कार्डावर खर्च केली असेल तरच पुढच्या तिमाहीत दार उघडेल असा नवा शिरस्ता पडला. तेव्हा इतर कार्डधारकांनी नाके मुरडली. शेठ मात्र प्रसन्न झाले. बिनशर्त इनामापेक्षा चाकरी करून मिळवलेले इनाम अधिक प्रतिष्ठेचे, हे त्यांच्या रक्तातच होते.

त्यामुळे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांच्या अखेरच्या आठवड्यात शेठच्या घरात जे होते त्याला खरेदी हे नाव अपुरे आहे. हिशेबात साडेनऊ हजार कमी पडत आहेत असे कळताच ते कोपरगावला जातात आणि गीझर घेऊन येतात. लॉजमध्ये खोल्या आहेत त्याहून अधिक गीझर आता माळ्यावर आहेत. वाण्याचे, केबलचे, लॉन्ड्रीचे, शेजाऱ्याच्या मुलीच्या शिकवणीचे पैसे ते स्वतः कार्डाने भरतात आणि संबंधितांकडून रोख घेतात; गेल्या जूनअखेर तर त्यांनी भर पंगतीत उठून एका परक्या वऱ्हाडाच्या आचाऱ्याचे बिल भरण्याची तयारी दाखवली, तेव्हा वधूपित्याला काही वेगळाच संशय आला. "अहो, इडलीच खायची तर मी घरी करते की," असे वहिनी म्हणतात. वहिनींची इडली खरोखर चांगली होते. परंतु तिला दार नाही, दारात खुर्ची टाकून बसलेली मुलगी नाही आणि त्या मुलीने कार्ड यंत्राला लावून, पडद्याकडे क्षणभर साशंक मुद्रेने पाहून, मग हसून 'या सर' म्हणणे नाही.

त्या क्षणासाठी शेठ केवढा प्रवास करतात हे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. हैदराबादला त्यांचे व्यावसायिक काम असते, कारण त्यांचे निम्मे गिऱ्हाईक तेलुगू आहे. काकडी शिर्डीपासून जेमतेम पंधरा किलोमीटर. तेथून थेट विमान मिळते. परंतु तेथे माणूस पोचतो आणि थोड्या वेळात विमानात बसतो. मान घेण्यास अवकाशच राहत नाही. सबब शेठ 'वंदे भारत'ने, जी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाल्यापासून साईनगर शिर्डीहून मुंबईला जाते, प्रथम मुंबई गाठतात, तेथे मेव्हण्याकडे मुक्काम करतात, पहाटेच्या विमानाचे तिकीट काढतात आणि मध्यरात्री विमानतळावर हजर होतात. उलट दिशेला निघून मग इष्ट स्थळी पोचण्याची ही पद्धत त्यांना जराही वावगी वाटत नाही.

लाउंजच्या दाराशी रांग असते. अलीकडे ती बरीच लांब असते. ज्या गावात दर्शनाची रांग वाचावी म्हणून धनिक लोक सशुल्क पास काढतात, त्या गावचा हा गृहस्थ पहाटे तीन वाजता या रांगेत आनंदाने तिष्ठत उभा राहतो. दाराशी यंत्रावर दोन रुपये वजा होतात (काही कार्डांवर पंचवीस), ते केवळ कार्ड जिवंत आहे की नाही हे तपासण्यासाठी. साईसच्चरितात बाबांच्या गुरूंनी त्यांच्याकडे दोनच पैसे दक्षिणा मागितल्याची कथा आहे, एक निष्ठेचा आणि दुसरा सबुरीचा. ती शेठना लहानपणापासून ठाऊक आहे, आणि दोन रुपये गेल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर आला की ते तिचा हवाला देतात. विनोद म्हणून देतात, पण तो त्यांना वाटतो त्याहून खरा आहे. पस्तीस हजारांची निष्ठा आणि पाऊण तासाची सबुरी घेतल्यावाचून ते दार कोणालाच आत घेत नाही.

आत गेल्यावर ते प्रथम बसत नाहीत. एक फेरी मारतात. इडली, उपमा, छोले, रंगीबेरंगी कापलेली फळे, दोन प्रकारचा पास्ता, आणि कोपऱ्यात आपोआप कॉफी देणारे यंत्र, यांची पाहणी ते खळ्यावर रास मोजणाऱ्या शेतकऱ्याच्या डोळ्यांनी करतात. मग ताट भरते. पहाटे साडेतीनला छोले खाण्याची भूक कोणत्याही सज्जनाला नसते. ती शेठनाही नसते. परंतु टाकून दिलेला मान म्हणजे नाकारलेला मान. अर्ध्या ताटावर आल्यावर ते फोन काढून शिर्डीतील रात्रपाळीच्या मॅनेजरला उठवतात आणि काही काम नसताना विचारतात, "काय रे, सगळं ठीक? नाही, मी लाउंजमध्ये बसलोय." हाच गृहस्थ आपल्या लॉजमध्ये एका खोलीस सकाळी दोनच कप चहा असा नियम चालवतो, तिसरा कप मागणाऱ्यास दरपत्रक दाखवतो आणि साबणाची वडी दिवसाआड देतो. लाउंजमधून निघताना मात्र त्याच्या खिशात साखरेच्या पुड्या असतात.

या दाराचा इतिहास शेठना सांगितला पाहिजे असे मला पुष्कळदा वाटते. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने 'अ‍ॅडमिरल्स क्लब' नावाची पहिली बैठक उघडली, तेव्हा तेथे पैसे देऊन जाता येत नसे. कंपनीला ज्यांची मर्जी राखायची असे त्यांनाच निमंत्रण जाई. म्हणजे तो खराखुरा दरबार होता. पुढे सभासदत्व विकले जाऊ लागले, मग १९९२ साली निघालेल्या 'प्रायॉरिटी पास'ने अनेक दारांची एकच किल्ली केली, आणि आपल्याकडे बँकांनी ती किल्ली कार्डाला बांधून घरोघर वाटली. दरबारात सारा गाव आला की त्याची धर्मशाळा होते, आणि धर्मशाळेला बँका पैसे मोजीत नाहीत; म्हणून तिमाही खर्चाच्या अटी आल्या. ज्या निवडकपणाच्या मोहाने मनुष्य कार्ड घेतो, तो निवडकपणा कार्डे वाटूनच संपतो, हे या व्यवहारातील सर्वांत गमतीचे कलम आहे, आणि ते कोणत्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

धर्मशाळेचा विषय निघाला म्हणून सांगतो. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते शिर्डीत नव्या दर्शनरांग संकुलाचे उद्घाटन झाले. तेथे वातानुकूलित दालने आहेत, दहा हजारांहून अधिक भाविक एका वेळी बसू शकतात, आणि तेथे आजवर कोणी कोणाला कार्डाची प्रत विचारलेली नाही. पलीकडे संस्थानचे प्रसादालय, सौर तबकड्यांच्या वाफेवर जेथे अन्न शिजते आणि जेथे हैदराबादचा कारखानदार व येवल्याचा विणकर एका पंगतीला बसतात. शेठ दर रामनवमीला तेथे गव्हाची पोती पाठवतात, आणि पावतीवर नाव घालू देत नाहीत; हे मला त्यांच्या मॅनेजरकडून कळले. एवढा मोठा मनुष्य साखरेच्या पुड्यांपाशी कसा खाली येतो, याचा उलगडा मला होत नाही.

आता प्रश्न व्यवहाराचा. वर्षाला पाच हजार रुपये फी, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे पाच हजार नऊशे. तिमाहीला दोन याप्रमाणे आठही वेळा गेले तर एका वेळचे सातशे सदतीस पडतात. विमानतळावर चहा-नाश्ता बाहेर घेतला तरी जवळपास तेवढे जातात, तेव्हा सौदा वाईट नाही. वर्षातून दोनदाच विमानात बसणाऱ्यास मात्र तीच इडली दोन हजार नऊशे पन्नासला पडते. ज्याला कार्ड इतर कारणाने बाळगायचेच आहे, जो बिल मुदतीत पूर्ण भरतो, आणि ज्याचे विमान रात्री-अपरात्री तासन्‌तास रखडते, त्याला ती खुर्ची, ते स्वच्छ शौचालय आणि ती विजेची खाच हे सुख आहे, आणि ते त्याने अवश्य घ्यावे. खुर्चीसाठी खर्च वाढवणाऱ्याला मात्र ती परवडत नाही. शेठ बिल कधी थकवत नाहीत. सावकारी व्याज काय असते हे त्यांच्या घराने पाहिले आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्या एका तरुण वेटरने फक्त किमान रक्कम भरत राहण्याचा मार्ग पत्करला, आणि दरमहा पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस टक्के, या दराने व्याज कसे चालते ते त्याला कळले तेव्हा त्याची मोटारसायकल गेली होती. तो अद्याप एकदाही विमानात बसलेला नाही.

खरी मौज गेल्या दिवाळीत झाली. पुण्यात नोकरी करणारा शेठचा पुतण्या सुटीला आला होता आणि काउंटरवर बसला होता. काउंटरवर पाटी आहे: 'कार्डाने पैसे दिल्यास दोन टक्के जादा.' चेन्नईच्या एका कुटुंबाशी त्या दोन टक्क्यांवरून शेठची हुज्जत झाली, ते गेल्यावर शेठ बँकांना उद्देशून बरेच बोलले. क्यूआर लावला की २०२० पासून एक पैसा कटत नाही, आणि हे यंत्र दर शेकड्याला पावणेदोन-दोन रुपये कापून घेते; यांच्या घरचे काय जाते, दरोडेखोर!

"काका," पुतण्या म्हणाला, "तुमची लाउंजची इडली त्यातूनच येते."

शेठनी त्याच्याकडे पाहिले. मग त्याने समजावून दिले: यंत्र जे कापते त्यातला मोठा वाटा ज्या बँकेने गिऱ्हाइकाला कार्ड दिले तिला जातो, त्यातून ती बँक गुण देते, सवलती देते आणि लाउंजवाल्याला माणशी काही शे रुपये मोजते. म्हणजे चेन्नईचा तो गृहस्थ परतीच्या वाटेवर लाउंजमध्ये जे खाईल ते शिर्डीच्या लॉजवाल्यांच्या, हारवाल्यांच्या आणि पेढेवाल्यांच्या पैशाने खाईल. आणि शेठ जे मुंबईला खातात ते गीझर विकणाऱ्या कोपरगावच्या दुकानदाराच्या.

शेठ बराच वेळ बोलले नाहीत. आयुष्यभर ज्याला आपण बँकेची मेहेरबानी समजलो ती शेजारच्या दुकानदाराची वर्गणी निघावी, ही गोष्ट पचायला वेळ लागतो. मला वाटले, आता पाकीट हलके होणार. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, बुकिंगच्या वहीचे मागचे पान उघडले, हंगामात यंत्रावर जमा झालेली रक्कम चाळीस लाख मांडली, दोन टक्क्यांनी तिचे ऐंशी हजार काढले, त्याला सातशेने भागले आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"एकशे चौदा," ते म्हणाले. "एवढ्या वेळा बसायचं माझं घेणं निघतं."

आणि त्यांनी मॅनेजरला हाक मारून तिकीट काढायला सांगितले. कुठले, असे त्याने विचारले.

"गाव कुठलं का असेना. आधी एवढं बघ, कुठल्या विमानतळावर दोन लाउंज आहेत."